उसवलेली ओळ

माझं बोट कुठेच अडखळलं नाही. गोधडी लांबलचक टेबलावर पसरलेली होती, उलटी बाजू वर करून, कारण आमच्या मंडळात गोधडी आधी उलटीच बघतात. सुलट बाजू काय, कुणीही नटवतं, असं मुकादमकाकू म्हणतात. मी टाक्यांवरून बोट फिरवत कडेकडेने चालले होते, डोळे अर्धे मिटून, एखाद्या ओळखीच्या जिन्याची कुठली पायरी निखळली आहे हे पायाला आधीच ठाऊक असतं तशी निर्धास्त. मैत्रिणीच्या फ्रॉकची पिवळी पट्टी गेली, जुन्या पडद्याची गेली, मग बाबांच्या निळ्या चौकड्याच्या सदऱ्याची आली. इथे बोट डगमगणार होतं. इथे एक टाका भाताच्या शितासारखा बारीक, पुढचा हा एवढा ढांगभर, मग तीन टाके एकमेकांवर चढलेले, मग ओळ खाली घसरलेली, पुन्हा धापा टाकत वर आलेली. हे सगळं मला पाठ होतं. आणि बोट सरळ निघालं. तेलावरून घसरावं तसं, या टोकापासून त्या टोकापर्यंत. मी परत मागे गेले. परत सरळ. खालच्या लाँड्रीतून वाफेचा सुस्कारा वर आला, पायाखालच्या फळ्या नेहमीसारख्या कोमट झाल्या, आणि मला क्षणभर वाटलं की ही गोधडी माझी नाहीच, माझ्यासारखीच दिसणाऱ्या कुठल्या तरी मुलीची आहे आणि ती मुलगी आत्ता दुसऱ्या एका खोलीत दुसऱ्या एका टेबलापाशी उभी राहून बाबांची ओळ चाचपते आहे.

आमचं मंडळ लाँड्रीच्या वरच्या खोलीत भरतं. मी त्यात सगळ्यात लहान, म्हणून मला सगळ्या शेंडेफळ म्हणतात. पहिल्यांदा आले तेव्हा मी दारातल्या छत्र्यांच्या स्टँडशेजारी छत्रीसारखीच उभी राहिले होते. आता? आता मी बोलायला लागले की मंडळातल्याच दातांच्या डॉक्टरीणबाई म्हणतात, “एवढा वेळ तोंड उघडं ठेवणारा पेशंट मला जन्मात मिळाला नाही.” शाळेतसुद्धा मी आता हात वर करते, उत्तर येत नसलं तरी करते, बाईंनी नाव घेतल्यावर उभं राहताना काही ना काही सुचतंच. हे मला या टेबलाने शिकवलं. इथे जो गोधडी करतो त्याने ती द्यायची. कायमची नाही, पुढच्या बैठकीपर्यंत. सगळ्या गोधड्या सारख्या पांढऱ्या कापडात गुंडाळून ढीग करतात आणि जिच्या वाट्याला जी येईल ती तिने घरी न्यायची, अंगावर घ्यायची, तिच्यात झोपायचं. झोपल्याशिवाय बोलायचं नाही, हा पहिला नियम. देताना गोधडीची गोष्ट सांगायची नाही, हा दुसरा. कशाची केली, कोणासाठी, कोण मेलं, कोण रुसलं, ते सगळं नंतर. आधी गोधडीला एकटीला जाऊ द्या कुणाच्या तरी घरी, तिला काय बोलायचं ते बोलू द्या. आणि तिसरा नियम असा नाहीच, पण सगळ्या पाळतात: परत देताना तशीच्या तशी द्यायची नाही. काही सुटलं असेल तर टाचायचं, उसवलं असेल तर शिवायचं, धुऊन, वाळवून, माया लावून द्यायची.

माझी गोधडी मुकादमकाकूंकडे गेली होती.

“हं, बसा सगळ्या. शेंडेफळ, तू उभी राहा, तुझं आहे आज,” काकू म्हणाल्या. त्यांचं नाव काहीतरी फार गोड आहे, पण ते कुणी घेत नाही. जन्मभर इस्पितळात नर्स होत्या. कुणाच्याही घरी पलंगावर चादरीला सुरकुती दिसली की त्यांचे हात शिवशिवतात. डॉक्टरीणबाई सांगतात की एकदा दुकानात टांगलेली चादरसुद्धा त्यांनी ओढून सारखी केली होती.

“उबदार आहे,” काकू म्हणाल्या. “पहिलीच आहे तरी वजन बरोबर साधलंय. कोपरे जरा आळशी आहेत, पण ते येईल हाताला. आता एक सांगते. एक ओळ होती हिच्यात.” त्यांनी हनुवटीखाली बोट नेलं. “ही पट्टी बरोबर इथे यायची. पहिल्याच दिवशी मला जाग आली. वाटलं, कुणीतरी बोलतंय. म्हणजे बोलायला बघतंय आणि शब्द फुटत नाहीये. बोबडं, अडखळत. मी उठून बसले. दिवा लावला. बघते तर ही ओळ. म्हटलं, पोर दमली असणार बिचारी, डोळ्यांवर झोप घेऊन शिवली असणार. दुसऱ्या दिवशीपण तेच. हनुवटीला लागलं की जाग. मग काय, एका दुपारी बसले, सगळी उसवली आणि नवी घातली. त्याच रंगाचा दोरा मिळेना, तो तीन दुकानं हिंडून आणला. बघ, ओळखू येतेय का?”

“छे!” कुणीतरी म्हणालं. “जराही नाही.”

“मग!” काकूंचा चेहरा असा उजळला की मला त्यांच्याकडे बघवेना.

बोलायचं माझं होतं. गोधडी परत आली की करणारीने बोलायचं असतं, आणि मी हे बोलणं केव्हापासून तोंडात घोळवत होते! न्हाणीघरात म्हणून बघितलं होतं, शाळेच्या वाटेवर म्हणून बघितलं होतं, हातवाऱ्यांसकट. आधी पिवळ्या फ्रॉकची गंमत सांगायची, सगळ्यांना हसवायचं, मग आवाज खाली आणायचा आणि म्हणायचं, ‘आणि आता ही निळी पट्टी. ही ओळ माझी नाही.’ मग थांबायचं. त्या थांबण्यासाठी तर मी सगळं भाषण रचलं होतं. ‘ही ओळ माझ्या बाबांची आहे. डाव्या हाताची.’

बाबा पेंटर. चित्रांचे नाही, पाट्यांचे. दुकानांच्या, दवाखान्यांच्या, शाळेच्या, ‘येथे वाहने लावू नयेत’च्या. पट्टी न लावता, दोरी न मारता ते भिंतीच्या या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत रेघ ओढायचे आणि शेजारी उभी असलेली मी श्वास धरून ठेवायचे, कारण मला वाटायचं मी श्वास सोडला तर रेघ हलेल. “सोड, सोड,” ते म्हणायचे, “रेघ माझ्या खांद्यातनं येते, तुझ्या नाकातनं नाही.” गावभर त्यांची अक्षरं होती. मी वाचायला शिकले तीच मुळी बाबांच्या हस्ताक्षरात. शाळेतलं पुस्तक उघडलं तेव्हा मला वाटलं, यांनी आपल्या बाबांची नक्कल केलीय. मग चपलांच्या दुकानाची पाटी रंगवताना एका सकाळी त्यांच्या हातून एका अक्षराचं शेपूट सुटलं. ते खाली खाली गेलं, पाटीच्या चौकटीपर्यंत, चौकटीवरून भिंतीवर. लोकांना वाटलं, पेंटर गंमत करतोय. मग बाबाच त्या शेपटापाठोपाठ खाली आले. इस्पितळातून घरी आल्यावर उजवा हात मांडीवर ठेवलेल्या दुसऱ्याच कुणाच्या तरी वस्तूसारखा पडून असायचा, आणि शब्द आत भरपूर पण दार अरुंद, अशी त्यांच्या जिभेची गत झाली. पहिल्यांदा चाकाच्या खुर्चीतून बाहेर नेलं तेव्हा चपलांच्या दुकानावरून जावं लागलं. दुसऱ्या कुणीतरी पाटी पुरी केली होती. शेपूट पुसलं होतं, भिंतीवरचंही. स्वच्छ. बाबांनी तिकडे बघितलं आणि लगेच समोर बघायला लागले, जणू ते त्या गल्लीत नवीनच होते.

त्यानंतर त्यांनी कशालाच हात लावला नाही. व्यायाम करून घेणारी ताई यायची, रबरी चेंडू द्यायची, कपड्यांचे चिमटे द्यायची, शर्टाची बटणं लावा म्हणायची. “काका, डावा हात तर चांगला आहे ना तुमचा, त्याला का शिक्षा?” बाबा खिडकीबाहेर बघत राहायचे. आई कामावरून आली की विचारायची, “केला का आज व्यायाम?” आणि मी खोटं खोटं हो म्हणायचे, आणि आईला ते कळायचं, आणि ती जास्तच जोरात भांडी लावायची. मी त्यांच्याजवळ बसून गोधडी शिवायचे, कारण तिथे उजेड बरा यायचा आणि मला कुणीतरी ऐकायला लागतं. मी बोलायचे, बोलायचे, बोलायचे. धावदोरा म्हणजे काय विशेष नाही बाबा, सुई खाली, सुई वर, खाली, वर. एका दुपारी मी अशीच बोलता बोलता दोरा तोडायला वाकले आणि वर बघते तर त्यांचा डावा हात माझ्यासमोर. तळवा वर. भीक मागितल्यासारखा नाही. कारागीर मदतनिसाकडे ब्रश मागतो ना, न बघता, तसा. मी गप्प झाले. मी! सुई दिली.

ती एक ओळ किती दुपारी चालली! जीभ दातांत धरलेली, कपाळावर घाम, सुई निसटायची, बोटाला टोचायची, गोधडी गुडघ्यांवरून घसरायची आणि मी ती धरून बसायचे आणि परत मला जुनं वाटायचं, श्वास सोडला तर हलेल. ती हलतच होती म्हणा. शेवटचा टाका झाला तेव्हा त्यांनी गोधडी लांब धरली, मान तिरकी केली, अगदी पाटीसमोर उभे राहायचे तशी, आणि म्हणाले, “त्या... बायका... काय म्हणतात... बघू.” मग ज्या दिवशी गोधडी बाहेर गेली त्या दिवसापासून, “आली?” “नाही बाबा, पुढच्या बैठकीला येईल.” “वाचली... कुणी?” ते वाचली म्हणायचे. मी दुरुस्त नाही केलं. मधल्या काळात मुकादमकाकूंचीच गोधडी आमच्याकडे आली होती, एका टाक्याचीही चूक नसलेली. बाबांनी ती दुपारी अंगावर घेतली, बराच वेळ छताकडे बघत पडले, मग म्हणाले, “हिच्या घरी... कुणी मोठ्याने... बोलत नसणार.” एवढं लांब वाक्य! आई स्वयंपाकघरातून हसली, मग हसता हसता रडली, मग माझ्यावरच ओरडली, बाबांच्या अंगावरचं नीट कर म्हणून.

“अगं बोल की,” मुकादमकाकू म्हणाल्या. “गिळलीस का जीभ?”

सगळ्या माझ्याकडे बघत होत्या. प्रेमाने बघत होत्या, तेच वाईट होतं. कुणी वाईट वागलं असतं तर मला भांडता आलं असतं, मी आता फार छान भांडते. काकूंच्या बोटांच्या टोकांवर सुईच्या खुणा होत्या. तीन दुकानं. एक अख्खी दुपार. ती दुपार मला दिसली: काकू एकट्या त्यांच्या त्या शांत घरात, चष्मा नाकावर, कात्रीच्या टोकाने बाबांचा एकेक टाका उचलून कापताहेत, टच्, टच्, आणि मनात म्हणताहेत, पोर दमली असणार बिचारी.

“छान झालीय,” मी म्हटलं. “सरळ झालीय.”

“तो जुना दोरा...” एवढंच विचारलं मी.

“टाकला की. तुकडे तुकडे झाले होते.”

मी गोधडी गुंडाळली. जिन्यात डॉक्टरीणबाईंनी मला गाठलं. त्या नेहमी सगळ्यांच्या तोंडाकडे बघत असतात, त्यांचा धंदाच तो. “काय गं, जबडा का आवळलायस?” त्यांना मी सांगितलं. लाँड्रीची वाफ जिन्यात भरलेली होती, त्यामुळे सांगणं सोपं गेलं, वाफेला सांगितल्यासारखं. त्यांनी कठडा धरला.

“मी बोलू का त्यांच्याशी?”

“नको. त्या रडतील.”

“आणि घरी काय सांगणार आहेस?”

मी गोधडी छातीशी धरून उरलेल्या पायऱ्या उतरले.

बसस्टॉपवर मी दोन बस सोडल्या. ऊन असं होतं की सगळ्या गोष्टींना कडा नव्हत्या. माणसं यायची, बसमध्ये विरघळायची. मांडीवर गोधडी, मुकादमकाकूंच्या घरच्या साबणाचा वास येणारी, आणि मला वाटत होतं मी कुणाचं तरी झोपलेलं मूल घेऊन बसलेय, आणि ते जागं झालं की मला विचारणार आहे. बाबांना सांगायचं, सगळ्यांना फार आवडली? मग ते गोधडी मागतील आणि त्यांचं बोट सरळ निघेल. माझ्या बोटाला कळलं ते त्यांच्या बोटाला कळणार नाही? ज्याने जन्मभर रेघांवर पोट भरलं त्याच्या? त्यांना काय वाटेल ते मला माहीत होतं. ते समोर बघायला लागतील. जणू ते आपल्या घरात नवीनच आहेत. आणि मग तो तळवा परत कधी वर होणार नाही.

मग मला वाटलं, सापडलं! पिशवीत सुई होती, कात्री होती. मी काकूंची ओळ थोडी उसवली, टोकापासून वीतभर, आणि डाव्या हातात सुई धरून बाबांसारखी ओळ घालायला लागले. मला पाठच होती ना. एक बारीक, एक ढांगभर, तीन एकमेकांवर. शेजारी बसलेली बाई कौतुकाने बघत होती. घातली आणि बोट फिरवून बघितलं. वाकडी होती. झकास वाकडी. आणि ती बाबांची नव्हती. कितीतरी वेळ मला कळेना की काय कमी आहे. टाके तेच, उड्या त्याच, घसरण तीच. मग कळलं आणि मला इतकी लाज वाटली की मी शेजारच्या बाईकडे पाठ केली. मी वाकडं शिवायला बसले होते. बाबा वाकडं शिवत नव्हते. प्रत्येक टाक्याला ते सरळच निघालेले होते, दर टाक्याला नव्याने. माझी ओळ चिडवत होती. मी ती ओढून काढली, आणि वीतभर जागा तशीच उघडी ठेवून पुढच्या बसमध्ये चढले.

घरी बाबा खिडकीपाशी होते. दार उघडल्याचा आवाज आला की ते आधी मान वळवतात, मग खुर्ची, आज एकदम दोन्ही वळवलं.

“आली?”

“आली.”

“काय... म्हणाल्या?”

मी त्यांच्यासमोर जमिनीवर बसले. तोंडाचा पट्टा चालू करायचा, फ्रॉकपासून सुरू करायचं, बोलता बोलता त्यांना पलीकडे घेऊन जायचं, असं ठरवलं होतं. पण ते माझ्याकडे बघत नव्हते, माझ्या तोंडाकडे बघत होते, डॉक्टरीणबाईंसारखे, शब्द बाहेर येताना बघायला. म्हणून मी सांगितलं. सगळं जसंच्या तसं. कुणाकडे गेली होती, हनुवटी, जाग, दिवा, दुसऱ्या दिवशी पुन्हा जाग, ‘कुणीतरी बोलायला बघतंय’, मग कात्री, मग तीन दुकानं. बसस्टॉपचंही सांगितलं. “बाबा, त्यांना माहीत नव्हतं हो. त्यांना वाटलं माझी आहे. त्यांनी मायेनेच केलं.” मग माझे शब्द संपले. मला हे ठाऊकच नव्हतं की ते संपतात.

बाबांनी माझ्या तोंडावरची नजर काढली. समोर बघायला लागले. मला वाटलं, गेलं. सगळं गेलं. खिडकीत पडदा फुगला, बसला, फुगला.

“उठून... बसल्या?” बाबा म्हणाले.

“हो.”

“दिवा... लावला?”

“हो ना.”

“दोनदा?”

“दोनदा.”

त्यांच्या चेहऱ्याची एक बाजू हलायला लागली. मला वाटलं, रडताहेत. रडत नव्हते. ते अर्ध्या तोंडाने हसत होते, आणि त्या हसण्यात पुढचे शब्द अडकून पडले होते, आणि ते सोडवायला त्यांनी डावा हात खुर्चीच्या दांडीवर आपटला. “एवढ्या... पाट्या,” ते म्हणाले. “एवढ्या... रंगवल्या. लोक... खालून जातात. वर... बघत नाहीत.” धाप लागली. “आणि ही... झोप उडवते!”

मग त्यांनी गोधडी ओढून घेतली. निळी पट्टी शोधली. काकूंच्या ओळीवरून बोट नेलं, सावकाश, परीक्षकासारखं. मी श्वास धरून ठेवला. वीतभर रिकाम्या जागेपाशी बोट थांबलं, तिथे थोडं रेंगाळलं, परत मागे आलं.

“बरी आहे,” ते म्हणाले. “हात... चांगला आहे. पण... झोप येईल माणसाला.”

“बाबा!”

“परत... त्यांनाच दे. पुढच्या वेळी.”

“त्यांनाच?”

“त्यांनाच.” आणि गोधडी छातीपर्यंत घेत, डोळे मिटता मिटता, “दोरा... ओव.”

मी सुई उजेडात धरली. दोरा एकदा चुकला, दोनदा चुकला, तिसऱ्यांदा गेला. वळून बघितलं तर बाबा झोपले होते, मुकादमकाकूंची सरळ ओळ बरोबर हनुवटीखाली, तोंड थोडं उघडं, डावा तळवा गोधडीवर वर केलेला. मी त्यांना उठवलं नाही. ओवलेली सुई हातात धरून तशीच बसले, दोऱ्याचं टोक पडद्याच्या वाऱ्याने हलत होतं, आणि बाहेर आईची चप्पल वाजेपर्यंत मी एक शब्दसुद्धा बोलले नाही.